पाठीमागची गादी

८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुला आठवतं का, दादा मला गाडी शिकवत होता तेव्हाची ती दुपार? दादा पाणी आणायला दुकानात गेला होता आणि मी त्याच्या शिकवणीच्या गाडीत चालकाच्या जागी बसून होते. खाली एक गादी, पाठीला एक गादी, तरी डोळे जेमतेम काचेच्या वर. वाटलं, तो येईपर्यंत चार पावलं आपणच नेऊन बघू. गाडी हलली मात्र, तू मागच्या सीटवरून पुढे घरंगळलीस आणि दादाच्या पायाशी असतो तो दुसरा ब्रेक दोन्ही पायांनी दाबून धरलास. माझं नाक स्टिअरिंगवर आपटलं. दादा धावत आला आणि मला सोडून तुलाच म्हणाला, "शाब्बास." तू तेव्हा दुधाच्या दातांची होतीस.

परवा तुझा फोन आला, शर्यतीच्या टीमने घेतलं म्हणून. मी आनंदाने खुर्चीवरून उठले आणि पुढे काय विचारायचं तेच सुचेना. म्हणून हे पत्र. फोनवर तू "बरं आहे" याच्यापलीकडे काही बोलत नाहीस, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे. कागदावर निदान दोन ओळी जास्त लिहितेस.

दादाला सांगितलं. तो नव्या शिकाऊ मुलाला घेऊन निघाला होता. म्हणाला, "ज्या गाडीत शेजारी बसायला जागाच नाही, त्या गाडीत मी तिला काय शिकवणार?" आणि आरसा नीट करत बसला. तू मनावर घेऊ नकोस. आयुष्यभर माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसून, एक पाय ब्रेकवर ठेवून जगलाय. चार उघडी चाकं, मध्ये एकटी तू आणि ब्रेकही तुझा तुलाच दाबायचा, हे त्याच्या पचनी पडायला वेळ लागेल.

सोबत नवी पाठगादी पाठवते आहे. तू लहानपणी छोट्या गाड्यांच्या शर्यतीत पळायचीस तेव्हाची फाटली असेल. सुती कापड, आत पातळ कापूस, कडेला दुहेरी शिवण. आपल्या घरात गादीशिवाय कुणी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

तुझी,
आत्या

*

१ मार्च

प्रिय आत्या,

गादी मिळाली. अगदी मापात आहे.

तुला सगळं सविस्तर हवं असतं, म्हणून सांगते. टीममध्ये आम्ही दोघं. दुसरा माझ्याच वयाचा आहे, त्याचे वडील आणि आजोबा दोघेही शर्यतीतले. मी त्याला मनातल्या मनात राजपुत्र म्हणते. मोसम संपला की दोघांपैकी एकालाच टीम वरच्या वर्गात नेणार आहे. दुसऱ्याला नमस्कार. हे पहिल्याच दिवशी इंजिनियरने समोर बसवून सांगितलं, चहा द्यावा तितक्या सहज.

इथलं सीट विकत मिळत नाही, अंगावर ओततात. तू गाडीत बसायचं, पाठीमागे प्लास्टिकची मोठी पिशवी, आणि त्या पिशवीत दोन द्रव एकत्र ओतायचे. त्याचा फेस होतो, तो फुगत फुगत पाठीला, कुशीला, खांद्यांना लागतो. चांगला गरम असतो. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, श्वाससुद्धा जपून. मग तो दगडासारखा घट्ट होतो. त्यात फक्त तुझंच अंग बसतं, दुसऱ्या कुणाचं नाही. मला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या मापाची झाली.

तेव्हा कपड्यांखाली तुझी गादी बांधलेली होतीच. राजपुत्र शेजारी उभा होता. त्याला कड दिसली, तर म्हणतो कसा, "उशी घेऊन आलीय, झोपायचा विचार दिसतो." सगळे हसले. सीट ओतणाऱ्याने विचारलं, आत काही आहे का? मी म्हटलं, काही नाही.

सरावात मी राजपुत्रापेक्षा वेगात होते, तिन्ही दिवस. आमचे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते कुणाचं कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, "ब्रेक छान मारतेस." बाबांना सांगशील? ब्रेकचं सांग. वेगाचं नको सांगूस.

भिंगरी

*

२० एप्रिल

प्रिय भिंगरी,

पहिली शर्यत शेजारच्या दंतवैद्यांकडे बघितली. त्यांचा पडदा मोठा आहे. ते तिसऱ्या फेरीला घोरायला लागले, पण जागा दिली हे काय कमी. मी शेवटपर्यंत डोळ्याला डोळा लागू न देता बसले होते.

आणि मग ते काय होतं गं? सरावात सगळ्यांच्या पुढे असणारी मुलगी शर्यतीत मागून मोजावी लागली. शर्यतीचं वर्णन करत बोलणारा बाप्या प्रत्येक वळणावर तेच तेच सांगत होता की ही लवकर ब्रेक लावते, ही लवकर ब्रेक लावते. मला उठून त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं. दंतवैद्य तेवढ्यात जागे झाले आणि म्हणाले, "संपलं का?" मला त्यांचाही राग आला. घरी येऊन भांडी घासली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

गाडीतून उतरताना तू कमरेला हात लावलास. ते मी बघितलं. कापूस दबला असणार. दुसरी गादी शिवायला घेतली आहे, पहिलीपेक्षा जाड. पार्सल सोमवारी निघेल.

ब्रेकचं दादाला सांगितलं होतं. "बरं" म्हणाला, पण त्या दिवशी जेवणात मीठ जास्त झालं होतं तरी काही बोलला नाही.

आत्या

*

१७ मे

प्रिय आत्या,

गादी मिळाली. आणखी पाठवू नकोस, खरंच. आहे ती पुरे.

दुसऱ्या शर्यतीत टायर थंड होते. तिसरीत वारा होता. तू बघितलंच असशील, बारावी आले. राजपुत्र तिसरा आला आणि त्याने मला येऊन धीर दिला. त्याने धीर देण्यापेक्षा चिमटा काढला असता तर सोसलं असतं.

शर्यतीनंतर आम्हाला संगणकावर रेषा दाखवतात. कोणी कुठे ब्रेक लावला, किती जोरात लावला. माझी रेषा आधी सुरू होते आणि त्याच्याइतकी वर जातच नाही. इंजिनियर त्या दोन रेषांवर बोट ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. टीममध्ये माझ्यावर एक म्हण झाली आहे, सरावात वाघीण, शर्यतीत शेळी. मामा ती म्हणत नाहीत. ते नुसते मान हलवतात.

घरचं लिही. बाबांच्या गाडीचं ते खरखरणारं दार दुरुस्त झालं का?

भिंगरी

*

२२ जून

प्रिय भिंगरी,

दार अजून खरखरतं. दादा म्हणतो, त्यामुळे शिकाऊ पोरं दार नीट लावतात.

चौथी शर्यतही बघितली. मी तुला एक विचारू का? रागावू नकोस. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर उंच झोक्यावर बसलेल्या मुलीला खालून कधी ओरडत नसत. त्या शांतपणे विचारत, "उतरायचं आहे का तुला?" बहुतेक मुली नाही म्हणत आणि आणखी उंच जात. पण एखादी हो म्हणे. तिला त्या हात धरून उतरवत आणि मग वर्गात तिच्याबद्दल कुणालाही एक अक्षर बोलू देत नसत.

म्हणून विचारते. तुला भीती वाटते का गं? वाटत असेल तर त्यात काही कमीपणा नाही. खोली आहे तशीच आहे. तुझ्या पलंगावर मी शिवणाचे कपडे टाकलेत तेवढे उचलीन. इथे दादाच्या शिकवणीला दुसऱ्या शिक्षकाची गरज आहेच. तो तोंडाने म्हणणार नाही, पण त्याचे गुडघे दुखतात.

तिसरी गादी पाठवली आहे. कमरेपाशी जास्त भरली आहे. ती वापर.

आत्या

*

५ जुलै

आत्या,

भीती?

तूसुद्धा. टीम म्हणते, बोलणारा म्हणतो, आता तू, झोक्याची गोष्ट सांगून. मला भीती वाटत नाही. मला ब्रेक पोचत नाही.

आता ऐक, आणि कृपा करून चौथी गादी पाठवू नकोस. सीट ओतलं तेव्हा माझ्या पाठीला तुझी गादी होती. म्हणजे सीट माझ्या मापाचं नाही, माझ्या आणि गादीच्या मापाचं आहे. सरावाच्या दिवसांत कपडे कोणी तपासत नाही. शर्यतीच्या दिवशी तपासतात. अंगावरचं प्रत्येक कापड आग न पकडणारं हवं. पहिल्याच शर्यतीआधी तपासणाऱ्या बाईंनी तुझी गादी दोन बोटांत उचलली आणि म्हणाल्या, "कापूस आहे हा, मुली. काडेपेटी घालून गाडीत बसशील का?" आणि बाजूला ठेवली. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीत माझ्या पाठीमागे गादीएवढी पोकळी असते. पट्टे आवळले की मी तिच्यात मागे ओढली जाते आणि ब्रेक बोटभर लांब जातो. सगळा जोर लावायच्या वेळी पाय सरळ झालेला असतो. म्हणून लवकर दाबते, जेवढा दाबला जाईल तेवढा. मामांनी एकदा पेडल जवळ आणून बघितलं, तर गुडघे स्टिअरिंगला घासायला लागले.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. काय सांगू? सगळ्यांसमोर "आत काही नाही" म्हणाले होते. अर्धा मोसम गेल्यावर सांगू, की ती उशी होती, माझ्या आत्याने शिवलेली, आणि तिच्यामुळे मी हरते आहे? आधीच नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे टपून बसलेत. राजपुत्राच्या आजोबांपर्यंत ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर जाईल.

तुझ्या तिन्ही गाद्या माझ्या पलंगाखाली आहेत. चिडून लिहिते आहे, फाडून टाकायला हवं होतं हे पत्र. पण टपालपेटी वाटेतच आहे.

भिंगरी

*

११ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवलं आणि पुढचे बरेच दिवस ते उघडलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी गादी तुझ्या पाठीला बळ देत असेल अशा समजुतीत मी दर महिन्याला कापूस वाढवत होते.

मग एकदा आमच्या शिवणाच्या तासाची आठवण झाली. सिस्टर टेप हातात घेण्याआधी प्रत्येकीला स्वेटर काढायला लावत. थंडीच्या दिवसांत आम्ही कुरकुर करायचो. एकदा एका मुलीने आत लपवून स्वेटर ठेवलाच आणि तिचा झगा ढगळ झाला. सिस्टर तिला ओरडल्या नाहीत. झगा उसवला, तिचं माप पुन्हा घेतलं आणि म्हणाल्या, "उसवायला लाजलीस तर वर्षभर ढगळ घालशील." एवढंच. तुझं सीट उसवता येत नाही हे मला कळतं. पण माप पुन्हा घेता येतं ना?

आता दुसरं. तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं. विचारलं नव्हतंस, तरी दाखवलं. तो आधी हसला. उशीवर हसला, माझ्यावर हसला. काडेपेटीपाशी आल्यावर हसायचा थांबला. मग वाकून बूट शोधू लागला. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत मी उठणार तेवढ्यात तो बोलायला लागला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण गेल्या कित्येक वर्षांत तो तुझ्या गाडीबद्दल एवढं बोललेला नाही.

"नवा माणूस गाडीत बसला की मी आधी सीट बघतो. स्टिअरिंग नंतर, आरसा नंतर. पाय पूर्ण दाबल्यावर गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. नाही राहिला तर गाडी सुरूच करू देत नाही, मग तो कलेक्टर असो. हे तिला माहीत आहे. माझ्या पोटी जन्मून तिने सैल सीटवर गाडी सुरू केली कशी? तिला म्हणावं, आज जाऊन सांग. हसतील. मग थांबतील."

मग बूट घालून शिकवणीला गेला. दार जोरात लावलं.

आत्या

*

२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सांगितलं.

मी खूप तयारी करून गेले होते आणि तोंड उघडल्यावर सगळं उलटंच बाहेर पडलं. आधी आत्या, मग कापूस, मग काडेपेटी. इंजिनियर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे आपण एप्रिलपासून ज्या रेषा बघतोय त्या एका उशीच्या आहेत? मी हो म्हटलं. त्याने मला एवढंच सांगितलं की मंद चालवणाऱ्याला तो वेग शिकवू शकतो, पण गप्प बसणाऱ्याचं तो काही करू शकत नाही. मला त्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय याचा जास्त राग आला.

राजपुत्र हसला. पोट धरून हसला. बाबा म्हणाले तसा थांबलासुद्धा.

नवं सीट ओतलं. या वेळी मामा स्वतः उभे होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "आत काही?" मी म्हटलं, मी आहे. फेस गरम गरम वर येत होता आणि मला उगाच रडू येत होतं, पण हलायचं नसतं, म्हणून रडता येत नव्हतं.

शेवटची शर्यत महिन्याअखेरीला. तेवढी एकच उरली आहे. टीमचा निर्णय तिच्या आधी होणार की नंतर, कुणी सांगत नाही.

बाबांना सांग, गुडघा वाकतो.

भिंगरी

*

३० सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

चौथी आलीस! मी उद्गारचिन्हं सहसा वापरत नाही, सिस्टरना आवडत नसत. आज राहू दे एक.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून इथलं लिहिते. दंतवैद्य या वेळी जागे होते. दादा येणार नाही म्हणाला होता. शर्यत सुरू झाल्यावर दार वाजलं. म्हणे, दंतवैद्यांना दाढ दाखवायची आहे. रविवारी. दाढ कुणी बघितली नाही. तो आत येऊन बसलाही नाही, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

मी पडद्याकडे कमी आणि त्याच्या पायाकडे जास्त बघत होते. तू वळणापाशी आलीस की त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. प्रत्येक वळणावर. त्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तू राजपुत्राच्या बाजूला गाडी काढलीस, तो ब्रेक लावून मोकळा झाला आणि तू अजून लावतच नव्हतीस. मी मान खाली घातली. दादाचा पाय हवेतच थांबलेला होता. मग त्याने तो खाली टेकवला आणि म्हणाला, "आत्ता." मान वर केली तर तू पुढे होतीस.

त्याने मला विचारलं, आता टीम तिला ठेवेल ना? मी म्हटलं, न ठेवायला काय झालं. कळव लवकर.

आत्या

*

९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नाही ठेवलं.

निर्णय शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात झाला होता. कागदावर सही होऊन गेली होती. मला नंतर सांगितलं, म्हणजे मी शर्यत नीट चालवावी. इंजिनियर माझ्याकडे न बघता म्हणाला, जूनमध्ये आली असतीस तर. मी खोलीवर येऊन भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही, मी दोन दिवस लंगडत होते. म्हणून फोन उचलला नाही. तुम्ही दोघं तिकडे खूश असताना मला ते मोडायचं नव्हतं.

हिवाळ्यात एका लहान टीमने सरावाला बोलावलं आहे. एक दिवस. जागा मिळेलच असं काही नाही. तिथली गाडी वेगळी, म्हणून माझं नवं सीट तिच्यात बसणार नाही, पुन्हा ओतावं लागेल. आत कोण असेल ते आता मला माहीत आहे. मी जाणार आहे. पलंगावरचे कपडे उचलू नकोस.

खोली रिकामी करायची आहे. तिकडे एक मोठं खोकं येईल. त्यातलं कुणाला काय, ते नीट वाच, नाहीतर तू सगळं कपाटात ठेवून देशील.

हातमोजे दंतवैद्यांना. जागे राहिल्याबद्दल. त्यांच्या रोजच्या कामाला जाड पडतील, पण भिंतीवर चांगले दिसतील.

जाड गाद्यांपैकी एक मामांना इथेच दिली. ते दिवसभर गाडीपाशी गुडघे टेकून काम करतात. एकदा टेकून बघितलं आणि पुन्हा मान हलवली, पण या वेळी वरखाली. आणखी एक शिवून पाठव, दुसऱ्या गुडघ्यासाठी.

जुनं सीट तुला. गॅलरीत ठेव. त्यात बसायला तुझ्याएवढं लहान माणूस हवं. कमरेपाशी जी पोकळी आहे तिथे तुझी तिसरी गादी घाल, तीही खोक्यात आहे. दाबून घालून बघितली मी, बरोबर बसते.

पहिली गादी माझ्याकडे राहील. बसच्या प्रवासात लागते.

खोक्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली लोखंडी पट्टी आहे. ती आमच्या गाडीच्या ब्रेकच्या पेडलवरची. पहिल्या दिवसापासून शेवटच्या शर्यतीपर्यंत तीच होती. मामांनी काढून दिली. एका कोपऱ्यात माझ्या बुटाने घासून चकचकीत झाली आहे, तो कोपरा शेवटच्या शर्यतीतला, पाय पुरता पोचला तेव्हाचा. ती बाबांना द्यायची. टेबलावर ठेवायची नाही, हातात द्यायची. शिकवणीला निघताना दे, म्हणजे उभ्या उभ्या घ्यावी लागेल.

तुझी,
भिंगरी